जमशेटजी टाटा आणि आपले नागपूर



आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील हिंगणा एमआयडीसीत कामाला होते. कारखाना वाढणार की बंद पडणार हे मुंबईच्या हेड ऑफिसात ठरते, हे आपल्याला सातवी-आठवीतच कळले होते. मुंबईहून नागपुरात मोठा कारखाना चालवण्याची रीत पाडणाऱ्यांत पहिले नाव जमशेटजी टाटांचे. म्हणून स्मरणिकेसाठी मी त्यांना निवडले.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईतच, असा शिरस्ता होता. यांनी मात्र कापूस जिथे पिकतो तिथेच जायचे ठरवले. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे आली होती, कोळसा वरोऱ्याला होता आणि वऱ्हाडचा कापूस दाराशी. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची, दलदलीची जागा घेऊन ती भरायला सुरुवात झाली. पैसा मातीत घालणाऱ्याला कर्ज कसले द्यायचे, म्हणून गावातल्या एका सावकाराने हात आखडता घेतला. या माणसाने मातीतून सोने काढले, हे पुढे त्यानेच मान्य केले म्हणतात.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेतून आलेले, त्यांना कापडातले काहीच ठाऊक नव्हते. मला हे फार आवडते, कारण आमच्या क्षेत्रातही माणूस आधी पाहावा, पदवी नंतर. कामगारांची गैरहजेरी फार होती. जमशेटजींनी दंड वाढवला नाही. हवा खेळती ठेवण्याची सोय केली, बक्षिसे सुरू केली आणि १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला.

आता सरकारची बाजू. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडाबद्दलचा अहवाल १८८२ मध्ये त्यांच्या वाचनात आला आणि पोलादाचा कारखाना डोक्यात बसला. पण खाणींचे सरकारी नियम इतके जाचक होते की तो विचार सतरा वर्षे तसाच राहिला. लॉर्ड कर्झनच्या वेळी, १८९९ मध्ये, नियम सैल झाले. मग शोध पुन्हा सुरू झाला, पण चांद्याचे खनिज पुरेसे निघाले नाही. त्यांचा मुलगा दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेला असता वाट पाहत समोरच्या संग्रहालयात शिरला आणि तिथल्या भूगर्भ नकाशावर त्याला दुर्गकडचे लोखंड दिसले. शेवटी मात्र मयूरभंजचे साठे सरस ठरले. कारखाना साकचीला गेला आणि त्या गावाचे पुढे जमशेदपूर झाले.

जमशेटजींना यातले काहीच पाहायला मिळाले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले.

एम्प्रेस मिल पुढे कित्येक दशके चालली. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होते, नंतर मंत्रालय मुंबईचेच झाले आणि आपल्या वाट्याला हिवाळी अधिवेशन आले. डबघाईला आलेली गिरणी १९८६ मध्ये राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि काही वर्षांनी कायमची थांबली. आता त्या जागी एम्प्रेस सिटीचा मॉल आहे. मेळाव्याला बाहेरगावहून येणाऱ्यांपैकी बरेचजण खरेदीला तिथे जातीलच.