किराण्याचा सूर, मिरजेची माती

1937 सालचा ऑक्टोबर महिना. शाबान सरत आला होता आणि रमजान आठ-दहा दिवसांवर होता. मद्रासची मैफल आटोपून उस्ताद अब्दुल करीम खाँ आपल्या शिष्यांसह रेल्वेने पाँडेचेरीला निघाले होते. तिथे योगी अरविंदांच्या आश्रमात त्यांचे गाणे व्हायचे होते. वाटेत छातीत कळा येऊ लागल्या. सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनवर सगळे उतरले आणि फलाटावरच वळकटी सोडली. शिष्यांनी पुढे सांगितले ते असे: खाँसाहेबांनी नमाज पढली, तंबोरा जुळवायला लावला, दरबारी रागाच्या सुरांत अल्लाहचे नाव घेतले आणि ते आडवे झाले. ती 27 ऑक्टोबरची रात्र होती. उत्तरेत जन्मलेल्या या गवयाचा देह दक्षिणेतल्या त्या आडवाटेच्या स्टेशनवरून मिरजेला आणला गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. हे गाव त्या वेळी मुजफ्फरनगर जिल्ह्यात होते. घरात पिढ्यानपिढ्या गाणे आणि सारंगी. मराठी माणूस या गावाला किराणा म्हणतो. दुकानातल्या किराण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण गावाचे नाव घराण्याला चिकटले आणि महाराष्ट्रात घरोघर पोचले. तरुणपणी अब्दुल करीम धाकटे भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोद्याच्या दरबारी आले. तिथेच त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. शिकता शिकता मने जुळली. एक मुसलमान गवई, दुसरी मराठा सरदाराची लेक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा संबंध बडोद्यात चालणे शक्यच नव्हते. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. खाँसाहेबांचे पहिले लग्न त्यांच्याच नात्यातल्या गफूरनबी यांच्याशी झालेले होते. किराणा घराण्याचे दुसरे थोर गायक अब्दुल वहीद खाँ यांच्या त्या भगिनी. नव्या संसाराची किंमत त्यांनाही मोजावी लागली.

पुढची बरीच वर्षे मिरज, बेळगाव, पुणे, मुंबई अशी फिरतीची गेली. मिरजेत प्लेगची साथ असताना खाँसाहेब आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, असे तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. तेव्हापासून उरुसात गाऊन हजेरी लावण्याचा नेम त्यांनी पाळला. याच मीरासाहेबांच्या उरुसात पहिला गलेफ चढवण्याचा मान चर्मकार समाजाचा असतो. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांपुढेही खाँसाहेब गायले होते. भंडाऱ्याहून ताजबागेला जाणाऱ्या भाविकांना हे ऐकून नवल वाटणार नाही. बाबांच्या दरबारात कोण कोणत्या धर्माचा, हे तेव्हाही विचारले जात नव्हते.

पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. घराण्याची विद्या म्हणजे घरातली ठेव, ती बाहेरच्याला द्यायची नाही, असा तो काळ. खाँसाहेबांनी जातपात न पाहता मुले घेतली आणि घरात ठेवून त्यांना शिकवले. त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च जलशांच्या कमाईतून भागायचा. कुंदगोळचे रामचंद्र सौंशी त्यांच्याकडेच तयार झाले. मराठी रंगभूमीने पुढे त्यांना सवाई गंधर्व म्हणून डोक्यावर घेतले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे दुसरे शिष्य. गुरूचे मोठे चरित्र त्यांनीच लिहून ठेवले. खाँसाहेबांचा टिपू नावाचा कुत्राही सुरात सूर मिळवायचा, अशी आठवण जुनी मंडळी सांगत. स्वभाव असा की वाद्य बिघडले तर स्वतः हत्यारे घेऊन दुरुस्तीला बसायचे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी श्रुतींचा अभ्यास करीत होते. सुरांमधली बारीक अंतरे त्यांना गळ्यातून दाखवून दिली ती खाँसाहेबांनी.

त्यांच्या गाण्यात नवे काय होते? त्या काळच्या मैफलीत लयीची झटापट आणि तानांची आतषबाजी यांना भाव होता. खाँसाहेबांचा आवाज बारीक आणि टोकदार होता. त्यांनी एकेका सुरावर थांबत, त्याला गोंजारत राग उलगडायला सुरुवात केली. ज्याला रागाचे नावही ठाऊक नाही, त्यालाही ती आर्जवे कळायची. म्हैसूर दरबारी जाणेयेणे झाल्यावर कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणली. त्यागराजांची एक रचनाही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. ‘मानापमान’ नाटकातले पदही गायले. थोर उस्तादाने नाटकातले पद गाणे काहींना कमीपणाचे वाटे. खाँसाहेबांना तसे वाटले नाही.

मग घरच मोडले. 1920 च्या आसपास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकीनाची सरस्वती झाली. बापाचे नाव कागदावरून गेले. दुसऱ्यांची मुले घरात आणून त्यांना विद्या देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात मुले राहिली नाहीत. खाँसाहेब मिरजेला स्थिरावले, गात राहिले, शिकवत राहिले. ते घर पुन्हा एक झाले नाही.

पण पुढे जे घडले ते विलक्षण आहे. सुरेशबाबू आणि हिराबाई यांना पुढची तालीम दिली ती अब्दुल वहीद खाँ यांनी, म्हणजे गफूरनबींच्या भावाने. ज्या संसारापायी बहिणीच्या वाट्याला दुःख आले, त्याच संसारातल्या मुलांना त्यांनी घराण्याची विद्या दिली. राग धरायला त्यांच्याकडे कारण होते, तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. रमजानात माफीबद्दल पुष्कळ बोलले जाते, तेव्हा या वहीद खाँची आठवण काढायला हरकत नाही.

हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. घरंदाज बाईने सभागृहात बसून गाणे तेव्हा सोपे नव्हते. भावंडांनी नाटक मंडळी काढली आणि तीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. सुरेशबाबू ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’ या 1934 च्या बोलपटात दिसले. प्रभा अत्रे या भावाबहिणींकडेच शिकल्या. आडनाव माने असो की बडोदेकर, गळ्यातला सूर बापाचाच होता. तो कुणाला बदलता आला नाही.

दुसरी वाट तबकडीची. खाँसाहेबांच्या ठुमऱ्या आणि ख्याल चहाच्या हॉटेलात वाजू लागले. गदगच्या एका शाळकरी पोराने अशीच एक तबकडी ऐकली आणि तसे गाता यावे म्हणून घर सोडले. तो पोर म्हणजे भीमसेन जोशी. बरीच भटकंती करून ते अखेर सवाई गंधर्वांच्या दारी पोचले, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. पुढे गुरूच्या नावाने पुण्यात महोत्सव सुरू झाला, संतांचे अभंग भीमसेनांच्या आवाजात गावोगाव पोचले आणि 2008 मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर हेही सवाई गंधर्वांचेच शिष्य. खाँसाहेबांच्या आणखी एक शिष्या, रोशनआरा बेगम, फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या. तिथेही हाच सूर गेला.

झाडीपट्टीतल्या मंडईत रात्र जागवून नाटक पाहणाऱ्यांना नाट्यपद काही परके नाही. आषाढीला लाऊडस्पीकरवर भीमसेनांचा अभंग लागला की भंडाऱ्याच्या चौकातही लोक दोन घटका थांबतात. त्या सुराचा माग काढत गेले तर वाट कुंदगोळवरून मिरजेच्या दर्ग्यात पोचते. तिथे आजही उरुसात चिंचेच्या झाडाखाली गवई बसतात. मिळकतीचा विचार न करता, जमेल तसे, जमेल तितके गाऊन खाँसाहेबांना सलाम करतात आणि पुढच्यासाठी जागा करून देतात.