जोतीराव फुले आणि परदेशास अर्पण केलेलें पुस्तक

मागील सत्रांत सातवीच्या वर्गांत अमेरिकेंतील यादवी युद्धाचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, इतक्या दूरच्या देशांत भावाभावांत झालेल्या लढाईशीं आम्हां भिवंडीकरांचा संबंध काय? प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. म्हणून तो वर्गांतच सोडून न देतां आम्हीं या अंकासाठीं राखून ठेविला.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कापसाचे मोठमोठे मळे होते व त्यांत राबणारीं माणसें मळेवाल्यांच्या मालकीचीं होतीं. १८६० च्या खानेसुमारींत अशा गुलामांची संख्या जवळजवळ ४० लाख भरली. गुलामगिरी नव्या मुलखांत पसरूं द्यावी कीं नाहीं, हा वाद विकोपास जाऊन लिंकन अध्यक्ष निवडून येतांच तीं संस्थानें फुटून निघूं लागलीं. १८६१ च्या एप्रिलांत युद्ध पेटलें तें १८६५ पर्यंत चाललें, आणि त्यांत सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. तिकडचा कापूस अडकल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांनीं आमच्या देशाचा कापूस उचलला; मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपतांच भाव कोसळून पेढ्या बुडाल्या. सुताचा भाव चढला वा उतरला म्हणजे घरांत काय होतें, हें भिवंडीच्या मुलांस निराळें सांगावयास नको. परंतु हा झाला व्यापाराचा संबंध. त्याहून खोल संबंध पुण्याच्या एका माणसानें ओळखला होता.

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ त झाला. ते वर्षाचेही झाले नव्हते तोंच आई चिमणाबाई वारली. वडिलांचा धंदा फुलांचा व मळ्याचा. लिहावयास शिकून मुलगा शेतीस निकामी होईल, असें कोणी मनांत भरविल्यामुळें वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढून मळ्यांत घातलें. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट नांवाचे साहेब या दोघांनीं वडिलांची समजूत घातली, तेव्हां १८४१ त हा मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेंत पुन्हा बाकावर बसला. एक मुसलमान, एक ख्रिस्ती आणि एक माळ्याचें पोर! त्या दोघांनीं त्या दिवशीं आपलें काम सोडून तेथवर जाण्याचा आळस केला असता तर पुढील हकीकत लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

१८४८ त एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत जोतीराव चालत असतां, शूद्रानें आमच्या बरोबरीनें चालावें काय, असें म्हणून त्यांस हिणविण्यांत आलें. त्याच सुमारास अहमदनगरास त्यांनीं मिस फॅरार या अमेरिकन बाईंनीं चालविलेली मुलींची शाळा पाहिली. पुण्यास परत येऊन त्यांनीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली व पत्नी सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. रस्त्यांत त्यांच्या अंगावर शेण पडे. लोकांच्या धाकानें वडिलांनीं मुलास व सुनेस घराबाहेर काढलें. येथें एक गोष्ट सांगणें न्याय्य होईल: वाडा देणारे भिडे आणि जोतीरावांचे साह्यकर्ते गोवंडे हे दोघेही ब्राह्मणच होते.

१८६८ त जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ज्या घरांत माणूस एक घोट पाण्यासाठीं दुसऱ्याच्या दयेवर उभा राहतो तेथें स्वातंत्र्य कसलें, हा प्रश्न त्यांस अहोरात्र टोंचीत होता. आपल्या देशांत १८४३ च्या कायद्यानें माणसावरील मालकीचा दावा कोर्टांत चालेनासा झाला होता. कागदोपत्रीं येथें गुलाम कोणी उरला नव्हता. तरीही १८७३ त जोतीरावांनीं पुस्तक लिहिलें आणि त्याचें नांव ठेविलें ‘गुलामगिरी’. विक्रीचा कागद नसला म्हणून काय झालें? ज्यास अक्षर शिकूं देत नाहींत, विहिरीवर चढूं देत नाहींत, आणि हें सर्व देवानेंच ठरविलें असें ज्याच्या मनावर बिंबवितात, तो आपली बेडी स्वतःच सांभाळतो, असें त्यांचें म्हणणें होतें. हें पुस्तक त्यांनीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांस, निग्रो लोकांस दास्यमुक्त करण्याच्या कामीं त्यांनीं केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल अर्पण केलें, आणि आपले देशबांधव तो कित्ता गिरवतील अशी आशा प्रकट केली.

पुस्तकांतील पुराणकथांचा त्यांनीं लाविलेला अर्थ आज सर्वच पंडितांस पटतो असें नाहीं. भाषाही कडक आहे, नाजूक कानांस ती झोंबते. आणखी एक गोष्ट. १८७७ त दक्षिणेंतील लष्करी पहारा उठल्यावर मुक्त झालेल्या लोकांचे मताचे हक्क तेथें हळूहळू हिरावून घेण्यांत आले व ते पूर्णपणें परत मिळावयास १९६५ साल उजाडावें लागलें. ज्यांचा कित्ता घ्यावा म्हणून जोतीरावांनीं लिहिलें, त्यांचेंच काम अर्धें राहिलें. १८७३ त पुण्यांत बसून हें त्यांस दिसणें शक्य नव्हतें. आम्हांस मात्र तें दिसतें, आणि वर्गांत शिकवितांना तें झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

त्याच वर्षीं २४ सप्टेंबरास सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८८२ त हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें जोतीरावांनीं मागणी केली कीं, सरकारनें वरच्या शिक्षणावर पैसा ओतण्याआधीं खेड्यांतील प्राथमिक शाळांकडे पाहावें, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचें शिक्षण सक्तीचें करावें. शेतकऱ्यांच्या हलाखीवरही त्यांनीं मोठें पुस्तक लिहिलें.

१८८८ च्या मे महिन्यांत मुंबईस लोकांनीं त्यांस ‘महात्मा’ ही पदवी दिली, आणि त्याच सालीं अर्धांगवायूनें त्यांचें उजवें अंग गेलें. हातीं घेतलेलें शेवटचें पुस्तक अपुरें होतें. उजवा हात चालेना, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें लेखणी धरली व तें पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. पुस्तक छापून निघालें तें १८९१ त.