परक्या नगरीतील आसरा

चिखलदऱ्याचा डोंगर उतरून सपाटीवर आले की अंजनगाव सुर्जीचा मुलूख लागतो. तेथील शेंडगावी 23 फेब्रुवारी 1876 रोजी गाडगेबाबांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी. 1905 साली घरदार सोडून ते लोकसेवेस निघाले. हाती खराटा व गाडगे आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एवढाच त्यांचा संसार.

1923 साली कोकणात कीर्तन चालू असता त्यांना पुत्र गोविंदाच्या निधनाची वार्ता कळली. दुःख गिळून त्यांनी कीर्तन पुरे केले. लेकरासाठी तुटणारे काळीज त्यांना ठाऊक होते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येत. मूल आत खाटेवर आणि आईबाप बाहेर रस्त्यावर! ना ओळखीचे घर, ना चूल मांडण्यास जागा. अशांसाठी बाबांनी लोकांच्या देणग्यांतून रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली. त्यांच्या पश्चात दादरलाही कर्करोग्यांसाठी तशीच सोय झाली.

स्वतःसाठी मात्र बाबांनी घर बांधले नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. आजही परगावाहून आलेली आजारी लेकराची आई त्यांच्या धर्मशाळेत निर्धास्तपणे पाठ टेकते.