तळ्यातली बाग

पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी सारसबाग आहे. तेथे पूर्वी विस्तीर्ण तळे होते. ते खोदविले बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनी. १७२० साली जन्मलेल्या नानासाहेबांना १७४० मध्ये, ऐन तारुण्यात पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. मोहिमांच्या धामधुमीतही पुणे सजविण्याची हौस त्यांनी सोडली नाही. कात्रजचे पाणी त्यांनी नळाने शहरात आणले. पर्वतीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले आणि १७५० मध्ये खाली तळ्याचे काम सुरू केले. तळे पुरे होत आले, तेव्हा मध्यभागी एक बेट मुद्दाम राखून त्यांनी त्यावर बाग फुलविली. वर देऊळ, खाली पाणी आणि पाण्यात हिरवी झाडी! राजकारणी पुरुषाच्या ठायी अशी रसिकता क्वचितच आढळते.

पण हे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवरावभाऊ पडले. त्या शोकाने नानासाहेब खचले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवरच त्यांनी देह ठेवला.

१७८४ मध्ये त्यांचे नातू सवाई माधवराव यांनी बेटावर गणपतीची स्थापना केली. आज तळे उरलेले नाही. तरी पुणेकर त्या देवास तळ्यातला गणपती असेच म्हणतात.