जिवंत पेशीचा ध्यास : डॉ. कमल रणदिवे

पेशीच्या आत चाललेली घडामोड पाहायची, तर ती शरीराबाहेर जिवंत ठेवावी लागते. हे अवघड तंत्र भारतात रुजविणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात, समर्थ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र संशोधनाची वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. मानवी कर्कपेशींची अखंड वाढणारी पहिली मालिका, ‘हेला’, १९५१ मध्ये गाय यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली होती.

मायदेशी परतून परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. निर्जंतुक भांडे, पोषक द्रव आणि शरीराइतकी ऊब मिळाली, तरच पेशी तग धरते. जंतूंचा शिरकाव होताच सारे श्रम वाया जातात. उंदरांमधील स्तनकर्करोगाचा अभ्यास करताना संप्रेरके, विषाणू आणि कर्करोगप्रवणता यांतील संबंध त्यांनी उलगडला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचे संचालकपद सांभाळले. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांच्या हयातीतच, १९९८ मध्ये, अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी ‘क्वांटम डॉट्स’ हे चकाकणारे अतिसूक्ष्म कण पेशींत वापरून दाखविले. मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढे हे कण आकारानुसार वेगवेगळ्या रंगांत उजळतात. त्यांना प्रतिपिंड जोडले, की ते नेमक्या प्रथिनाला चिकटतात आणि रोगट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते. मात्र अशा अनेक कणांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. रुग्णाच्या शरीरात सोडण्याआधी ते घातक तर नाहीत ना, याची पहिली कसोटी संवर्धित पेशींवरच लागते.

११ एप्रिल २००१ रोजी कमलताईंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांची संस्था परळहून रायगड जिल्ह्याच्या खाडीपट्ट्यातील खारघरला आली. ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ती आज ओळखली जाते. निदानाची साधने बदलत राहतील; त्यांची पारख करणारी जिवंत पेशी जपण्याची विद्या मात्र कमलताईंनी येथे कायमची रुजविली.