संगणकाच्या भाषेला वळण लावणाऱ्या ग्रेस हॉपर

एखाद्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर दहा-बारा जण मिळून पायथन किंवा जावास्क्रिप्टसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहू लागले, की पहिला वाद उद्भवतो तो नियमांचा. नावे कशी द्यायची, ओळ किती आत सरकवायची, स्पष्टीकरणाची टीप कुठे लिहायची, यावर सहजासहजी एकमत होत नाही. प्रत्येकाला आपलीच पद्धत सोयीची वाटते. मात्र, एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता आले पाहिजे, हा या खटाटोपामागील आग्रह नवा नाही. त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांमध्ये अमेरिकी नौदलातील रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातील घड्याळे एकामागून एक उघडून ठेवली होती. व्हॅसर महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असतानाच १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात जाण्याचा निश्चय केला. वय अधिक आणि वजन कमी असल्याने प्रवेश अवघड होता. तरीही सवलत मिळवून त्या १९४३ मध्ये राखीव दलात दाखल झाल्या. पुढल्याच वर्षी त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड आयकेन यांच्या सुमारे ५१ फूट लांबीच्या 'मार्क वन' या गणनयंत्रावर झाली.

तेथेच त्यांना एका दुखण्याची जाणीव झाली. बिनचूक ठरलेल्या आज्ञावलींचे तुकडे सहकारी आपापल्या वह्यांत टिपून ठेवत आणि गरजेनुसार एकमेकांकडून उतरवून घेत. या उतरवण्यात हमखास चुका होत. बुद्धिमान माणसेही नक्कल करताना चुकतात. तर मग हे काम यंत्रानेच का करू नये, असा विचार त्यांच्या मनात रुजला. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. तेथे १९५२ मध्ये त्यांनी 'ए-झीरो' हा आरंभीच्या काळातील कंपायलर सिद्ध केला. साठवलेले तुकडे शोधून त्यांची जुळणी आता संगणक स्वतःच करू लागला.

पुढचे पाऊल अधिक धाडसी होते. हिशेब आणि वेतनपत्रके सांभाळणाऱ्यांना गणिती चिन्हे परकी वाटतात. तेव्हा आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत असाव्यात, असे त्यांनी सुचवले. वरिष्ठांना ही कल्पना पटेना. शब्द हीदेखील यंत्रासाठी चिन्हेच असतात, हे दाखवण्यासाठी त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला, तर वरिष्ठ अधिकच बिथरले. अखेर या प्रयत्नांतून 'फ्लो-मॅटिक' ही भाषा आकाराला आली.

त्या काळी प्रत्येक उत्पादकाचा संगणक वेगळा आणि त्याची बोलीही वेगळी. यंत्र बदलले की सारे लेखन पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. यावर उपाय शोधण्यासाठी मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली आणि त्यातून 'कोबोल' ही सामाईक भाषा जन्माला आली. ती घडवली समितीने; पण तिच्या पायाशी हॉपर यांचे काम होते. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर जवळपास जसाच्या तसा चालवून दाखवण्यात आला.

तरीही नियम कागदावर आले म्हणून पाळले जातातच असे नाही. उत्पादकांनी कोबोलमध्ये आपापली भर घातली आणि पुन्हा जुनाच गोंधळ सुरू झाला. १९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ मध्ये याच कामासाठी सहा महिन्यांकरिता परत बोलावले. ते सहा महिने जवळपास १९ वर्षे लांबले! त्यांच्या गटाने चाचणी-प्रोग्रॅमांचा संच तयार केला. कोणता कंपायलर प्रमाणाला धरून आहे, हे आता उत्पादकाच्या शब्दावर नव्हे, तर चाचणीवर ठरू लागले.

शिस्तीचा आग्रह धरणाऱ्या हॉपर सवयीच्या मात्र कट्टर वैरी होत्या. आजवर असेच चालत आले आहे, हे कारण त्यांना कधीच मान्य होत नसे. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलट दिशेने फिरत. वेळ मात्र अचूक दाखवत.

ऑगस्ट १९८६ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी त्या नौदलातून निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

त्यांच्या निधनानंतर काही वर्षांतच 'वायटूके'चे संकट उभे राहिले. मुंबई-पुण्यातील अनेक तरुण अभियंत्यांनी तेव्हा सातासमुद्रापलीकडील अनोळखी माणसांनी लिहिलेले जुने कोबोल प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून दुरुस्त केले. लिहिणारा समोर नसतानाही ते वाचता आले, कारण भाषा सामाईक होती. नावांवरून आणि रिकाम्या जागांवरून वाद घालणाऱ्या आजच्या चमूंनीही आपल्या पश्चात येणाऱ्या अशाच एका अनोळखी वाचकाचे स्मरण ठेवायला हवे.