जोडे शिवणाऱ्याचा मुलगा आणि मार्शलचा दंड

रशियाच्या कालुगा प्रांतात स्त्रेलकोव्का नावाचे खेडे आहे. १८९६ च्या डिसेंबरात तिथे एका जोडे शिवणाऱ्याच्या घरी मुलगा जन्माला आला. बापाला स्वतःचे आईबाप ठाऊक नव्हते. अनाथालयात टाकून दिलेले ते पोर एका गरीब विधवेने उचलून वाढवले आणि तिचेच झुकोव्ह हे आडनाव त्याला लागले. आई उस्तिन्या लोकांचा माल वाहून पोट भरी. या घरातल्या ग्योर्गी झुकोव्हने पुढे हिटलरची फौज मॉस्कोच्या वेशीवर अडवली आणि बर्लिनपर्यंत मागे रेटत नेली.

आमचे काही उत्साही मित्र लगेच म्हणतील, हा तर रशियातला आपलाच माणूस! थोडे थांबावे. झुकोव्हचे घर दरिद्री होते, पण त्याच्या बापाच्या सावलीचा कोणाला विटाळ होत नव्हता. गावच्या शाळेत त्याला वर्गाबाहेर बसवले गेले नाही. गरिबी आणि अस्पृश्यता यांतला हा फरक पुसून टाकला की आपल्या प्रश्नाचीच धार जाते. मात्र झारच्या फौजेत हुकूम सोडणारे बहुतेक सरदार-जमीनदारांच्या कुळातले आणि मरणारे शेतकऱ्यांचे, ही व्यवस्था ओळखायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

शाळा तीन वर्षांची झाली. मग १९०८ साली मॉस्कोत मामाच्या फरच्या कारखान्यात उमेदवारी. दिवसभर राबणे, मार खाणे आणि रात्री पुस्तके. १९१५ साली तो झारच्या घोडदळात भरती झाला आणि शौर्याबद्दल त्याने सेंट जॉर्जचे दोन क्रॉस मिळवले. तरीही तो शिपाई वर्गातच राहिला. क्रांती झाली नसती तर फार तर जमादार होऊन गावी परतला असता. १९१८ साली तो लाल सेनेत आला, १९१९ साली पक्षात आला, आणि पुढच्या वीस वर्षांत एकेक पायरी चढत गेला. जन्माने बंद असलेले दार क्रांतीने उघडले, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

पण त्याच राजवटीने १९३७-३८ साली आपलेच सेनापती भिंतीशी उभे केले. मार्शल तुखाचेव्हस्कीला गोळ्या घातल्या, हजारो अधिकारी तुरुंगात गेले किंवा मारले गेले. झुकोव्ह वाचला. १९३९ साली मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल नदीकाठी त्याने जपानी फौजेला वेढून तिचा चुराडा केला, आणि १९४१ च्या आरंभी तो सरसेनापती-कार्यालयाचा प्रमुख झाला.

जून १९४१ मध्ये हिटलर चालून आला. कीव्ह सोडून फौज वाचवावी, असे झुकोव्हने स्टालिनला तोंडावर सांगितले. ज्याच्यापुढे भलेभले थरथरत, त्याला हे सांगणे सोपे नव्हते. पद गेले. सप्टेंबरात कीव्हच्या वेढ्यात लाखो सैनिक सापडले. मग त्याच स्टालिनला लेनिनग्राड आणि पाठोपाठ मॉस्को वाचवायला हाच माणूस आठवला. डिसेंबर १९४१ मध्ये मॉस्कोसमोर जर्मन फौज मागे फिरली. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडचा वेढा आवळला गेला. त्याची आखणी झुकोव्ह आणि वासिलेव्हस्की यांची होती.

त्याच नोव्हेंबरात मॉस्कोच्या पश्चिमेला र्झेव्हपाशी झुकोव्हनेच चालवलेली दुसरी चढाई सपशेल फसली. हजारो पोरे बर्फात पडली आणि सोव्हिएत इतिहासाने तिच्यावर पांघरूण घातले. बर्लिनच्या शेवटच्या मोहिमेतही सुमारे ८० हजार सैनिक कायमचे गेले. विजय मोजताना ही माणसे मोजायची की नाही? माघार घेणाऱ्याला गोळी घालण्याचे हुकूम काढणाऱ्यांत झुकोव्हही होता. ती पोरेही त्याच्यासारख्याच झोपड्यांतून आली होती. म्हणून त्याचा फोटो भिंतीवर लावण्याआधी आम्ही हा हिशेब मांडतो.

१८ जानेवारी १९४३ या तारखेपाशी आम्ही हमखास थबकतो. त्या दिवशी लेनिनग्राडचा वेढा फोडला गेला आणि झुकोव्हला मार्शलपद मिळाले. आणि त्याच दिवशी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात बाबासाहेब रानडे, गांधी आणि जीना यांवर बोलत होते. थोर पुरुष कोणाला म्हणावे आणि विभूतिपूजेने समाजाचे काय होते, हाच त्या भाषणाचा गाभा. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बाबासाहेबांची ती कसोटी हाती घेऊन झुकोव्हचे पुढचे आयुष्य वाचले तर बरेच उलगडते.

८ मे १९४५ च्या रात्री बर्लिनजवळ कार्ल्सहोर्स्टला जर्मनीची शरणागती सोव्हिएत बाजूने त्याने स्वीकारली. २४ जूनला लाल चौकात पांढऱ्या घोड्यावरून त्याने विजयी संचलन पाहिले. एका देशात दोन विभूती मावत नाहीत. वर्षभरातच विजयाचे श्रेय लाटल्याचा ठपका ठेवून त्याला ओडेसाला धाडले आणि १९४८ साली आणखी दूर, उरल भागात. त्याच्या घराची झडती झाली तेव्हा जर्मनीतून आणलेले गालिचे, चित्रे आणि फर सापडले. फरच्या कारखान्यात उपाशीपोटी राबलेल्या पोराच्या घरात फरचा ढीग! आम्हाला हे वाचून वाईट वाटते, पण लपवावेसे वाटत नाही.

स्टालिन मेला, आणि जून १९५३ मध्ये गुप्त पोलिसांचा कर्ताधर्ता बेरियाला पकडणाऱ्यांत झुकोव्ह होता. १९५५ साली तो संरक्षणमंत्री झाला. जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांवर देशद्रोहाचा डाग होता. तो पुसण्यासाठी त्याने १९५६ साली केलेली खटपट आम्ही त्याच्या लढायांहून वरची मानतो. त्याच वर्षी हंगेरीतला उठाव रणगाड्यांखाली चिरडला गेला, तेव्हाही संरक्षणमंत्री तोच होता.

२६ जानेवारी १९५७ रोजी दिल्लीच्या संचलनाला तो पाहुणा म्हणून आला होता. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला दोन महिनेही झाले नव्हते. त्या जूनमध्ये त्याने ख्रुश्चेव्हची खुर्ची वाचवली. ऑक्टोबरात तो युगोस्लाव्हिया-अल्बानियाच्या दौऱ्यावर असताना त्याच ख्रुश्चेव्हने त्याच्याविरुद्ध जुळवाजुळव केली. परतल्यावर मंत्रिपद गेले. सैन्यातले पक्षाचे नियंत्रण मोडले आणि स्वतःचे स्तोम माजवले, असे आरोप होते. जुना सहकारी मार्शल कोनेव्हने ‘प्रावदा’त त्याच्याविरुद्ध लेख लिहिला.

पुढची वर्षे मॉस्कोबाहेरच्या घरात लिहिण्यात गेली. १९६९ साली आठवणी छापल्या, त्याही सेन्सॉरच्या कात्रीतून निघून. गाळलेली पाने परत यायला त्याच्या मरणानंतर दीड दशक लागले. १८ जून १९७४ रोजी तो गेला. रक्षा क्रेमलिनच्या भिंतीत ठेवली गेली. लाल चौकाशेजारी त्याचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला तो १९९५ साली, आणि तोवर सोव्हिएत संघ उरला नव्हता.